तीन पायऱ्यांचा सूर

सप्टेंबर 2008. सोल शहरातल्या एका संगीत कार्यक्रमात 15 वर्षांची एक शाळकरी मुलगी पहिल्यांदाच गायला उभी राहिली. गाणे संथ आणि गंभीर होते, मोठ्या माणसाच्या दुःखाचे. त्याच्या नावाचा अर्थ होता ‘हरवलेले मूल’. समोर बसलेली तरुण मंडळी मात्र आली होती झगझगीत नाचगाणी बघायला. या गुबगुबीत, अनोळखी पोरीचे रडगाणे ऐकायची कुणाचीच तयारी नव्हती. गाणे चालू असतानाच प्रेक्षकांतून तिच्या अंगलटीवरून ‘डुक्कर’ वगैरे शेलके शब्द आले. मुलीने गाणे पुरे केले आणि ती आत निघून गेली.

ली जी-उन हे तिचे खरे नाव. कंपनीने तिला ‘आययू’ हे नाव दिले होते. ‘मी’ आणि ‘तू’ या दोन इंग्रजी शब्दांची ही जोडी. संगीताने गाणारा आणि ऐकणारा एक व्हावेत, अशी त्यामागची कल्पना. त्या संध्याकाळी तरी ‘मी’ आणि ‘तू’ यांच्यात मोठेच अंतर होते. आज दक्षिण कोरियात या नावाची ओळख करून द्यावी लागत नाही. रिक्षावाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सर्वांना आपल्याकडे आशा भोसले ठाऊक असाव्यात, तसा हा प्रकार. ती गाते, गाणी लिहिते, मालिका आणि चित्रपटांतून कामे करते आणि या सगळ्यात तिने स्वतःचे हसे होऊ दिलेले नाही. निदान आता तरी नाही. मधल्या काळात ते पुष्कळदा झाले, आणि तिची कहाणी वाचण्यासारखी आहे ती त्यामुळेच.

आई जामीन राहिली

जी-उनचा जन्म 16 मे 1993 रोजी सोलमध्ये झाला. लहानपणी घरचे बरे चालले होते. मग आई कुणा नात्यातल्या माणसाच्या कर्जाला जामीन राहिली. पुढे काय झाले असेल ते आपल्या वाचकांना सांगायला नको. अशी एखादी जामीनकी प्रत्येक कुटुंबाच्या इतिहासात असते. कर्ज घेणारा निसटला, सही करणारी अडकली आणि घर गेले. आईवडील एकीकडे, मुले दुसरीकडे अशी पांगापांग झाली. जवळपास दीड वर्ष जी-उन आणि तिचा धाकटा भाऊ आजीजवळ राहिले. आजी बाजारात केसांच्या पिना आणि असेच सटरफटर सामान विकायची.

राहायला एकच खोली. सोलचा हिवाळा म्हणजे आपल्या महाबळेश्वरची थंडी नव्हे, पारा शून्याच्या कितीतरी खाली जातो. कोरियात गरिबाघरीसुद्धा जमीन खालून ऊबदार ठेवण्याची पद्धत आहे, पण त्यालाही इंधन लागते आणि इंधनाला पैसे. खोली थंडगार असायची, झुरळे सुळसुळायची. बटाट्यावर दिवस काढल्याचेही तिने पुढे सांगितले. नातेवाइकांकडे आसरा घेतला असताना एका रात्री कुणीतरी नशेत बडबडला, ‘ही पोरे अजून गेली नाहीत का? आणि म्हणे हिला नटी व्हायचे आहे!’ अंथरुणात जागी असलेल्या जी-उनने ते ऐकले. पुढे नाव झाल्यावर टीव्हीवरच्या गप्पांत तिने हे सारे सांगितले ते हसत हसत, आजीबद्दल मायेने बोलत. आपण किती सोसले, याचा पाढा वाचण्याचा आव त्यात नव्हता.

गाण्याचे वेड लागले ते शाळेत. क्रीडादिनाला तिने सर्वांसमोर एक गाणे म्हटले. मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि तिने ठरवून टाकले की आपण हेच करायचे. मग निवड-चाचण्यांचे उंबरे झिजवणे सुरू झाले. सुमारे 20 ठिकाणी तिला नकार मिळाला. कोरियात गायक घडवणाऱ्या कंपन्या असतात. त्या कोवळ्या वयाच्या मुलामुलींना निवडतात, वर्षानुवर्षे नाच, गाणे, परक्या भाषा शिकवतात आणि मग बाजारात आणतात. अशा कंपन्यांच्या नावावर भोळ्या मुलांकडून पैसे उकळणारे भामटेही तिथे असतात. तिला तेही भेटले. नकार देणाऱ्यांत पार्क जिन-यंग या नामांकित संगीतकाराची कंपनीही होती. हे नाव लक्षात ठेवावे, कारण पुढे ते पुन्हा येणार आहे.

अखेर एका कंपनीने तिला घेतले. इतर मुले पाच-पाच, सात-सात वर्षे शिकत राहतात. तिची तयारी जेमतेम दहा महिन्यांत आटोपली आणि ती त्या सप्टेंबरमधल्या रंगमंचावर जाऊन उभी राहिली.

अर्ध्या अर्ध्या स्वराने

पहिले गाणे पडले. कंपनीने रंग बदलला. गंभीर गाण्यांच्या जागी लाडीक, उड्या मारत म्हणायची गाणी आली. ती थोडीफार चालली. पण लोकांचे लक्ष वेधले ते भलत्याच गोष्टीने. रेडिओ आणि टीव्हीच्या कार्यक्रमांत ही मुलगी मांडीवर गिटार घेऊन बसायची आणि त्या काळात गाजत असलेली मोठ्या गायकसंचांची नाचगाणी एकटीच, साध्या चालीत, जणू घरच्या ओसरीवर बसून म्हणावीत तशी म्हणायची. त्या गाण्यांतला धडाका काढून घेतल्यावर आत बरीच चांगली चाल दडलेली आहे, हे लोकांना तेव्हा कळले. आणि ही मुलगी खरोखर गाते, हेही कळले. 2010 मध्ये लिम सल-ओंग या गायकाबरोबर तिने गायलेले ‘नॅगिंग’, म्हणजे प्रेमातल्या कटकटीचे एक युगलगीत, खूप वाजले.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ‘गुड डे’ आले. ली मिन-सू यांची चाल, किम ई-ना यांचे शब्द. प्रियकराला मनातले सांगू की नको अशा घोळात सापडलेल्या मुलीचे हे गाणे. पाठीमागे तंतुवाद्यांचा भरगच्च ताफा. शेवटाकडे येताना तिचा आवाज एका उंच सुरावर जाऊन थांबतो. ऐकणाऱ्याला वाटते, झाले. तोच, श्वास न तोडता, तो अर्ध्या स्वराने वर चढतो. आता नक्की झाले. आणि तो आणखी अर्धा स्वर चढतो. इतकेच. पण या ‘तीन पायऱ्यांच्या सुराने’ देशभर वेड लावले. शाळेतली मुले, कचेरीतले कारकून, टीव्हीवरचे विदूषक, जो तो तिन्ही पायऱ्या चढायचा प्रयत्न करू लागला आणि दुसरीवर घसरून पडू लागला. त्या वेळी तिचे वय होते 17. गाणे आठवडे न् आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले आणि मुलीला पदवी मिळाली, ‘राष्ट्राची धाकटी बहीण’.

ही पदवी गोड वाटते, पण तिला काटे आहेत. धाकट्या बहिणीने सदैव धाकटेच राहायचे असते. तिच्या चाहत्यांत तिशी-चाळिशीतले पुरुष मोठ्या संख्येने होते. कोरियात अशांना थट्टेने ‘मामा-काका चाहते’ म्हणतात. या सगळ्या मामा-काकांना ती शाळेच्या गणवेशातली, गिटार घेतलेली, लाजरी पोर हवी होती. पोर तर मोठी होत होती.

2011 मध्ये तिने एक निर्णय जाहीर केला. आपल्याकडच्या पालकांना तो ऐकून धक्काच बसेल. कोरियात महाविद्यालयाची प्रवेशपरीक्षा म्हणजे राष्ट्रीय सोहळा असतो. त्या सकाळी परीक्षार्थींची खोळंबणी होऊ नये म्हणून कचेऱ्या उशिरा उघडतात आणि इंग्रजी ऐकण्याची परीक्षा चालू असताना विमानेसुद्धा उतरत नाहीत. प्रसिद्ध तारेतारकांना महाविद्यालये हसत हसत प्रवेश देतात आणि तारे वर्गात फिरकत नाहीत. जी-उनने सांगितले की आपल्याला वर्गात नियमित बसणे जमणार नाही, तेव्हा ती जागा आपण अडवणार नाही. तिने परीक्षा दिलीच नाही.

पडद्यावरची फजिती

त्याच वर्षी ती अभिनयाकडे वळली. ‘ड्रीम हाय’ ही कला-विद्यालयातल्या मुलांची मालिका. त्यात तिला भूमिका मिळाली किम पिल-सुक या लठ्ठ, बुजऱ्या, पण आवाजाचे देणे लाभलेल्या मुलीची. कापसाचे जाड कपडे आत घालून तिने पहिले भाग केले. तिसऱ्याच वर्षी, आपल्यालाच घातलेल्या शिव्यांची भूमिका वठवायची! आणि या मालिकेच्या निर्मितीत होते पार्क जिन-यंग. स्वतः त्यांनी त्यात शिक्षकाचे कामही केले. ज्यांच्या कंपनीने नापास केले, त्यांच्याच वर्गात ती विद्यार्थिनी म्हणून बसली. पुढे हे गृहस्थ या जुन्या नकारावरून स्वतःचीच थट्टा करून घेत.

छोटी भूमिका निभावून नेणे वेगळे आणि मालिका खांद्यावर वाहणे वेगळे. 2013 मध्ये तिला 50 भागांच्या कौटुंबिक मालिकेची नायिका केले गेले. शनिवार-रविवारी रात्री जेवणानंतर सगळे घर एकत्र बसून बघते, ती ही मालिका. नायिकेचे नाव ली सून-शिन. योगायोगाने, खरे तर मुद्दाम, ते सोळाव्या शतकातल्या एका महापराक्रमी कोरियन दर्यासारंगाचे नाव. आपल्याकडे एखाद्या विनोदी मालिकेच्या नायिकेला कान्होजी आंग्रे नाव देण्यासारखे. आक्षेप आले, वाद झाला. त्यातच अनुभवी नट-नट्यांच्या मेळाव्यात ही गायिका फिकी पडते, असे बोलले गेले. नाव मोठे म्हणून भूमिका मिळाली, ही टीका गायिकेच्या वाट्याला हमखास येते. तिच्या बाबतीत ती अगदीच खोटी होती असेही म्हणता येणार नाही. तिचे डोळे बोलायचे, पण संवाद म्हणताना आवाज घट्ट व्हायचा.

मात्र गाण्यात ती याच काळात झपाट्याने बदलत होती. आता ती स्वतः शब्द लिहू लागली. 2014 मध्ये तिने एक संपूर्ण संच जुन्या गाण्यांचा केला. आईवडिलांच्या तरुणपणी गाजलेली कोरियन गाणी तिने पुन्हा गायली, कुठेही चमकदार न करता. आपल्याकडे विशीतल्या एखाद्या गायिकेने जुनी भावगीते निवडून हळुवार म्हणावीत, तसे. घरातल्या तिन्ही पिढ्यांनी ऐकावे असे गाणारी म्हणून तिची ओळख झाली ती या संचाने.

बाहेर टाळ्या चालू असताना आत काय चालले होते, तेही तिने 2014 मधल्या एका मुलाखतीत सांगून टाकले. मन अस्वस्थ झाले की ती बेसुमार खायची आणि मग ते उलटून टाकायची. त्यासाठी तिला वैद्यकीय उपचार घ्यावे लागले. झोप तर कित्येक वर्षे तिची वैरीण. ज्या देशात तरुण नट्यांच्या वजनावर रोज चर्चा होते, तिथे असे उघड बोलायला धैर्य लागते. आपल्याकडेही वयात येणाऱ्या मुली हा त्रास लपवतात आणि घरच्यांना वाटते, पोर नखरे करते.

2015 हे वर्ष तिला कसोटीचे गेले. वर्षाच्या पूर्वार्धात ‘प्रोड्यूसर्स’ मालिकेत तिने एका गर्विष्ठ, एकाकी गायिकेचे काम केले आणि प्रथमच टीकाकारांनी नाके मुरडली नाहीत. ऑक्टोबरमध्ये तिने स्वतः निर्मिती केलेला पहिला गाण्यांचा संच आला. त्यातले ‘ट्वेंटी-थ्री’ हे गाणे म्हणजे धाकट्या बहिणीचे उलट उत्तरच होते. मी निरागस आहे की लबाड, तुम्हीच ओळखा, असा त्याचा भाव. पण भडका उडाला दुसऱ्या गाण्यावर. ब्राझीलचे लेखक जोझे मौरो द वास्कोन्सेलोस यांच्या कादंबरीतला झेझे हा मार खाणारा पाच वर्षांचा मुलगा कोरियन वाचकांचा फार लाडका. त्याच्या नावाने लिहिलेल्या गाण्यातले काही शब्द आणि संचाच्या वेष्टनावरचे चित्र लोकांना अश्लाघ्य वाटले. कादंबरीच्या कोरियन प्रकाशकांनी जाहीर आक्षेप घेतला. त्या मुलाला उद्देशून आपला तसा हेतू नव्हता, असे सांगून तिने माफी मागितली, लिहिण्यात आपण कच्चे पडलो असेही मान्य केले. लेखिकेला सवलत द्यायची म्हटली तरी, मार खाल्लेल्या लेकराची प्रतिमा हाताळताना जास्त सावधपणा हवा होता, हे खरेच. 22 वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर देशाने जो राग काढला, तो मात्र त्या चुकीच्या मानाने कितीतरी जास्त होता.

पुढच्या वर्षी ‘मून लव्हर्स’ ही राजवाड्यातली ऐतिहासिक मालिका आली. परदेशांत ती डोक्यावर घेतली गेली, पण खुद्द कोरियात फारशी चालली नाही आणि पुन्हा बोल लागले ते तिच्याच अभिनयाला.

चंद्र बघायला निघालेली आजी

2018 मध्ये तिने ‘माय मिस्टर’ स्वीकारली. दिग्दर्शक किम वोन-सोक, लेखिका पार्क हे-यंग. मालिका सुरू होण्याआधीच वाद सुरू झाला होता. चाळिशी ओलांडलेला विवाहित पुरुष आणि विशीतली मुलगी, म्हणजे काय असणार हे सर्वांनी आधीच ठरवून टाकले. पहिल्या भागात सावकार तिला बेदम मारतो, त्यावरही ओरड झाली.

पण लोक बघत राहिले आणि दर आठवड्याला बघणारे वाढत गेले. ली जी-आन ही 21 वर्षांची मुलगी एका कंपनीत हंगामी नोकरी करते, रात्री हॉटेलात भांडी घासते, तिथले उष्टे-उरलेले अन्न घरी आणते, कचेरीतल्या कॉफीच्या पुड्या चोरते. डोक्यावर आईने करून ठेवलेले कर्ज. घरी अंथरुणाला खिळलेली, ऐकू-बोलू न शकणारी आजी. कंपनीतला एक अभियंता, ली सन-क्युन या गुणी नटाने केलेला, तिच्याशी फक्त माणसासारखा वागतो. त्यांच्यात प्रेमप्रकरण होत नाही. एकमेकांना जगायला थोडा हात देणे, एवढेच त्यांच्यात घडते.

या मालिकेत एक प्रसंग आहे. आजीला चंद्र बघायचा असतो. तिला चालता येत नाही आणि चाकाची खुर्ची घ्यायला पैसे नाहीत. नात बाजारातली सामान न्यायची ढकलगाडी आणते, आजीला गोधडीत गुंडाळून तीत बसवते आणि चढावरच्या गल्लीतून ढकलत नेते. आजीचे काम सोन सुक या जुन्या रंगभूमीवरच्या अभिनेत्रीने केले आहे. या बाई 1999 मध्ये काही काळ देशाच्या पर्यावरणमंत्रीही होत्या. दोघींमध्ये एक शब्द नाही, नुसत्या हाताच्या खुणा. एरवी शेवटच्या पायरीपर्यंत सूर नेणारी गायिका येथे जवळजवळ आवाजच वापरत नाही. डोळे खाली, ओठ मिटलेले, चाल घाईची. ज्या मुलीला लहानपणी कर्जाने घराबाहेर काढले आणि आजीने सांभाळले, तिने ही भूमिका कुठून उभी केली असेल, हे विचारण्याची गरज पडत नाही. भूमिकेचे नाव जी-आन, तिचे जी-उन, एवढाच फरक. मालिकेला 2019 मध्ये कोरियातला मानाचा बेकसांग पुरस्कार मिळाला. पाउलो कोएलो यांच्यासारख्या लेखकानेही तिची जाहीर वाखाणणी केली. तिच्या अभिनयाबद्दलची कुजबुज त्यानंतर बंद झाली.

ली सन-क्युन डिसेंबर 2023 मध्ये गेले. वय अवघे 48. पोलीस चौकशीच्या आणि वृत्तपत्रांच्या ससेमिऱ्यात त्यांचा असा शेवट झाला. ‘माय मिस्टर’ आता पुन्हा पाहताना त्यांचे ते थकलेले हसू मनाला लागते.

पुढच्याच वर्षी, 2019 मध्ये, ‘होटेल देल लुना’ आली. तीत ती होती मेलेल्या माणसांच्या आत्म्यांसाठी हॉटेल चालवणारी, हजाराहून अधिक वर्षांची, खर्चिक आणि तापट मालकीण. दर प्रसंगाला नवा पोशाख, नवी टोपी, नवे दागिने. कोरियातल्या बायकांनी मालिका जितकी कथेसाठी पाहिली तितकीच कपड्यांसाठी. कालची उष्टे अन्न आणणारी मुलगी ती हीच, यावर विश्वास बसू नये. आपल्याकडच्या निर्मात्यांनी एका भूमिकेत गाजलेल्या नटीला पुढची दहा वर्षे त्याच साच्यात ओतत राहण्याची जी सवय लावून घेतली आहे, त्यांनी या दोन मालिका लागोपाठ बघाव्यात.

‘माय मिस्टर’ पाहून भारावलेल्यांत जपानचे दिग्दर्शक हिरोकाझू कोरे-एदाही होते. त्यांनी आपल्या ‘ब्रोकर’ या कोरियन चित्रपटात तिला घेतले. आपले तान्हे मूल चर्चच्या दारातल्या पेटीपाशी सोडून जाणारी आणि मग परत येणारी आई तिने केली. 2022 मध्ये चित्रपट कान महोत्सवाच्या स्पर्धेत होता आणि तिच्याबरोबर काम केलेल्या सोंग कांग-हो यांना उत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला.

दुःखाच्या बाजूने एक शब्द

गायिकेचे आयुष्य या काळात थांबले नव्हते. 2017 मधला ‘पॅलेट’ हा तिचा संच, आणि त्यातले रात्रीच्या पत्रासारखे एक हळुवार गाणे, आजही कोरियात रात्री उशिरा वाजते. झोप न येणाऱ्या मुलीने दुसऱ्याला शांत झोप चिंतणारे गाणे लिहिले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गायक जोंग-ह्युनचा अकाली मृत्यू झाला. तो तिचा मित्र होता, तिच्यासाठी त्याने एक गाणेही केले होते. काही आठवड्यांनी, जानेवारी 2018 मध्ये, वर्षातला सर्वांत मोठा संगीत पुरस्कार घेताना ती त्याच्याविषयी बोलली. आनंद झाला की हसावे, दुःख झाले की रडावे, भूक लागली की गळून जावे, आजारी असलो की काम कमी व्हावे, या साध्या गोष्टी कलावंताला उघडपणे दाखवता याव्यात आणि लोकांनीही त्या सहज मान्य कराव्यात, अशा अर्थाचे ते बोलणे होते. समारंभाच्या झगमगाटात सभागृह शांत झाले.

गाण्यांतून तिने स्वतःचे वयही मोजत नेले. 23 चे गाणे, 25 चे गाणे, बीटीएस संचातल्या शुगाबरोबर 28 चे गाणे आणि 2021 मध्ये विशीचा निरोप घेणारे ‘लायलॅक’. कोरियन पद्धतीने मूल जन्मतःच एक वर्षाचे धरत आणि नवे वर्ष लागले की सर्वांचे वय एकदम वाढे. सरकारी कामकाजातून ही पद्धत 2023 मध्ये गेली. त्यामुळे तिचा हिशेब आपल्याला एक-दोन वर्षांनी पुढे वाटतो.

17 आणि 18 सप्टेंबर 2022 रोजी तिने सोलच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये कार्यक्रम केले. 1988 च्या ऑलिंपिकचे हेच ते मैदान. एकट्या कोरियन गायिकेने ते भरवल्याचे हे पहिलेच उदाहरण. दोन रात्रींत 80 हजारांहून अधिक लोक आले. ती प्रचंड फुग्यात बसून प्रेक्षकांच्या डोक्यांवरून फिरली. तिथे तिने दोन गोष्टी सांगितल्या. एक, आपल्या कानाला विकार झाला आहे. या विकारात नाकामागून कानाकडे जाणारी नळी उघडी राहते आणि स्वतःचाच आवाज, श्वास कानात घुमत राहतो. गाणाऱ्याला यापेक्षा वाईट शिक्षा नसेल. दुसरी, ‘गुड डे’ हे गाणे यापुढे नेहमीच्या कार्यक्रमांत म्हणणार नाही. तीन पायऱ्यांचा तो सूर तिने बारा वर्षे दर कार्यक्रमाला चढून दाखवला होता. अठराव्या वर्षीच्या गाण्याला तिशीत सन्मानाने निरोप दिला, आवाज फाटेपर्यंत वाट पाहिली नाही.

कानाचे दुखणे सांभाळून 2024 मध्ये तिने 18 शहरांचा जागतिक दौरा केला. त्याची अखेरची आवर्तने सप्टेंबरमध्ये सोलच्या विश्वचषक स्टेडियमवर झाली आणि दुसऱ्या रात्रीचा कार्यक्रम हा तिचा शंभरावा एकल कार्यक्रम ठरला. दानधर्माची तिची पद्धतही सांगण्यासारखी आहे. वाढदिवसाला किंवा पदार्पणाच्या दिवशी ती आजारी मुले, एकटे वृद्ध यांच्यासाठी मोठ्या रकमा देते, पण पावतीवर नाव असते तिचे आणि चाहत्यांच्या मंडळाचे जोडून केलेले.

आई तीच, लेकही तीच

मार्च 2025 मध्ये ‘व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरीन्स’ ही 16 भागांची मालिका आली, दर शुक्रवारी चार भाग. दिग्दर्शक पुन्हा किम वोन-सोक. कथा जेजू बेटावरची. हे बेट संत्र्यांसाठी प्रसिद्ध आहे आणि समुद्रात बुडी मारून शिंपले, कालवे काढणाऱ्या बायकांसाठी. नळी नाही, प्राणवायूची टाकी नाही, केवळ छातीतल्या श्वासावर या बायका तळाशी जातात आणि घर चालवतात. अशाच एका बाईची लेक ए-सुन. तिला कवयित्री व्हायचे आहे, पण आई 29 व्या वर्षी जाते आणि मुलीच्या हाती शाळेऐवजी कोबीची पाटी येते. तरुण ए-सुन आययूने केली. प्रौढ ए-सुन मून सो-री यांनी. आणि ए-सुनची सोलला शिकायला गेलेली, आईवर चिडणारी मुलगी कुम-म्योंग, तीही आययूनेच.

म्हणजे ती पूर्वार्धात जी आई असते, तिच्याच अंगावर उत्तरार्धात लेक म्हणून खेकसते. फोनवर तुटक बोलते, आईने पाठवलेल्या डब्यांना नाके मुरडते आणि फोन ठेवल्यावर रडते. हा प्रसंग पाहून डोळे न पुसणारी मुलगी कुठल्याही देशात विरळाच. विशेष हे की दोघी वेगळ्या कळतात. ए-सुनचे रडणे मोठे, तोंड वाकडे करून, लहान मुलासारखे. कुम-म्योंग गिळून टाकते. बेकसांग पुरस्कारांत मालिका वर्षातली सर्वोत्कृष्ट ठरली. अभिनेत्रीचा पुरस्कार तिला नाही मिळाला, तो दुसरीकडे गेला.

मालिकेचे मूळ कोरियन नाव जेजूच्या बोलीतले आहे. सोलच्या माणसाला ते ऐकून ‘पुरते फसलात’ असे काहीतरी वाटते. बेटावर त्याचा अर्थ होतो, ‘फार कष्ट घेतलेत तुम्ही’.

त्या बेटाशी तिची ओळख जुनी. 2017 मध्ये गायिका ली ह्योरीने जेजूवरच्या आपल्या घरी पाहुणे ठेवण्याचा एक टीव्ही कार्यक्रम केला, तेव्हा आययू तिथे मदतनीस म्हणून राहिली होती. भांडी घासायची, फरशी पुसायची, फावल्या वेळात खिडकीशी पुस्तक घेऊन बसायची. कामात जरा संथच होती.

मालिका संपून दोन महिने झाले नाहीत तोच, मे 2025 च्या अखेरीस, तिने जुन्या गाण्यांचा आपला तिसरा संच काढला.